मुभा वेगळी, माफी वेगळी: कधीच मोडू नयेत असे नैतिक नियम असतात का?

नैतिकतेवरची चर्चा फार वेळा एकाच वळणावर येऊन थांबते. एकजण म्हणतो, खोटं बोलणं वाईटच. दुसरा लगेच विचारतो, ‘आणि खोटं बोलून कुणाचा जीव वाचणार असेल तर?’ पहिल्याला उत्तर सुचत नाही. मग दुसरा निकाल देऊन टाकतो: म्हणजे बरोबर-चूक असं काही नसतंच, सगळं ज्याच्या त्याच्या मानण्यावर.

हा निकाल घाईचा आहे. दुसऱ्याच्या प्रश्नाची सगळी ताकद कशात आहे ते पाहा. जीव वाचवणं महत्त्वाचं आहे, तेही फक्त त्याच्या मते नव्हे तर खरोखरच, हे दोघांनीही धरून चाललंय. ते काढून घेतलं तर प्रश्नात दमच उरत नाही. सगळं मानण्यावर आहे हे दाखवायला त्याने ज्याचा आधार घेतला, ते स्वतः मानण्यावर सोडलेलं नव्हतं.

तरीही त्याचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. कुठल्याही काळात, कुठल्याही माणसाने, कितीही मोठ्या कारणासाठी करू नये अशी एखादी तरी गोष्ट आहे का? माझ्या मते आहे. अशा गोष्टी थोड्या आहेत, पण आहेत. तिथवर पोहोचायचं तर आधी एक गुंता सोडवावा लागतो, कारण या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत.

पहिला सत्याचा. ‘अमुक करणं चूक आहे’ हे विधान, कुणी मानो वा न मानो, खरं असू शकतं का? दुसरा व्याप्तीचा. जे इथे चूक ते सगळीकडे चूक, आज चूक ते हजार वर्षांपूर्वीही चूक, असं म्हणता येतं का? आणि तिसरा अपवादांचा. एखादा नियम इतका पक्का असू शकतो का, की कसलाही प्रसंग आला तरी तो मोडायचाच नाही?

रोजच्या वादात या तिन्हींची सरमिसळ होते. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं की पहिल्याचंही ‘नाही’ आलं असं समजलं जातं. पेनिसिलीनचं उदाहरण घ्या. ते बहुतेकांना चालतं, पण ॲलर्जी असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे रुग्णागणिक बदलतं, म्हणून काही ते डॉक्टरच्या आवडीनिवडीवर ठरत नाही. नीतीतही योग्य काय ते परिस्थितीनुसार बदलू शकतं, आणि तरीही त्या त्या परिस्थितीत त्याचं खरं उत्तर असू शकतं. ‘नियमाला अपवाद आहे’ आणि ‘नियम म्हणजे नुसतं मत आहे’ या दोन विधानांत फार मोठं अंतर आहे.

देश तशी रीत?

इ.स.पू. पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस एक प्रसंग सांगतो. पर्शियाचा सम्राट दारियस आपल्या दरबारातल्या ग्रीकांना विचारतो, किती धन दिलं तर मेलेल्या वडिलांचा देह खाल? ग्रीक म्हणतात, कितीही दिलंत तरी नाही. मग तो कल्लाती नावाच्या लोकांना बोलावतो. हेरोडोटसच्या सांगण्याप्रमाणे हे लोक भारतीय असून आईवडिलांचे देह खात असत. ग्रीकांच्या देखत राजा त्यांना विचारतो, काय घेऊन वडिलांचा देह जाळाल? ते ओरडून उठतात: असलं अभद्र बोलूही नका. रूढी हीच सगळ्यांची राजा, असा निष्कर्ष हेरोडोटस काढतो.

सापेक्षतावादाच्या, म्हणजे बरोबर-चूक हे ज्या त्या समाजाच्या मानण्यावर ठरतं या मताच्या, बाजूने हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. पण तो जरा थांबून वाचला तर वेगळंच काही दिसतं. राजाने धन देऊ केलं तरी दोन्ही गट एका बाबतीत जागचे हलले नाहीत: आपल्या माणसाच्या मृत देहाची विटंबना करायची नाही. विटंबना कशाने होते याबद्दल त्यांचं एकमत नव्हतं, ती करू नये याबद्दल मात्र दोघांच्याही मनात शंका नव्हती. रीतीभातींतले बरेचसे फरक असे असतात. मूल्य तेच असतं. जगाबद्दलच्या समजुती वेगळ्या असतात, म्हणून आचरण वेगळं दिसतं.

सगळेच फरक असे विरघळत नाहीत, हे मात्र मान्य करायला हवं. गुलामगिरीचंच पाहा. काही माणसं जन्मतःच गुलाम होण्याच्या लायकीची असतात, असं ॲरिस्टॉटलसारख्या विचारवंताने लिहून ठेवलंय. इथे मूल्यातच फरक आहे. आता ‘समाज मानतो तेच योग्य’ हे तत्त्व धरून चाला. मग ज्या समाजात गुलामगिरी मान्य होती तिथे ती योग्य ठरते, आणि तिच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस आपल्या काळात चूक ठरतो. प्रत्येक सुधारक सुरुवातीला चूकच, बहुमत त्याच्याकडे आलं की त्या दिवसापासून बरोबर! हे मला पटत नाही. सुधारकाने समाजाला काहीतरी चूक दाखवून दिली असं आपण म्हणतो, तेव्हा ती चूक दाखवण्याआधीही तिथे होती असंच आपल्याला म्हणायचं असतं. महात्मा फुल्यांनी 1873 मधला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला, कारण त्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली. दूरच्या देशातल्या अन्यायाला आणि आपल्या भोवतीच्या अन्यायाला एकच माप लावायचं तर ते माप दोन्ही समाजांच्या रूढीबाहेरचं असावं लागतं.

याच प्रश्नावर 1947 साली मोठी पंचाईत झाली. संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तयारी चालू होती. अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशन या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने एक निवेदन पाठवलं. ते मुख्यतः मेलव्हिल हर्सकोवित्स यांनी लिहिलेलं होतं. मूल्यं त्या त्या संस्कृतीच्या संदर्भातच समजतात, मग पश्चिमेची मूल्यं सगळ्या मानवजातीवर कशी लादणार, असा त्याचा सूर होता. त्यामागची कळकळ खरी होती. वसाहतवादाने ‘सुधारणा’ या नावाखाली काय काय केलं ते या अभ्यासकांनी जवळून पाहिलं होतं. पण अडचण लगेच समोर येते. वसाहतवाद्यांची संस्कृती त्यांना वसाहतवादच शिकवत होती. ‘प्रत्येक संस्कृतीचा मान राखा’ ही अपेक्षा त्यांच्याकडून करायची, तर ती त्यांच्या संस्कृतीबाहेरून, सगळ्यांना लागू असणारा नियम म्हणूनच करावी लागते. सहिष्णुता हे सापेक्षतावादाचं फळ नाही. ते एक ठाम मूल्य आहे, आणि त्याला ठाम आधार लागतो. याच संघटनेने 1999 मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने स्वतःचा जाहीरनामा मंजूर केला.

मग सगळीकडे सारखं असं काही सापडतं का? ऑलिव्हर स्कॉट करी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये जगभरातल्या 60 समाजांच्या नोंदी तपासून सात गोष्टींचा माग काढला. आप्तांना मदत, गटाशी निष्ठा, उपकाराची फेड, शौर्य, वडीलधाऱ्यांचा मान, न्याय्य वाटणी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचा आदर. जिथे जिथे यांचा उल्लेख मिळाला तिथे तो जवळजवळ नेहमी चांगलं वागणं म्हणूनच मिळाला. ही मोलाची माहिती आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. सगळीकडे मानलं जातं म्हणून ते खरं, असं होत नाही. स्त्रियांना दुय्यम स्थान देणं कितीतरी समाजांनी शतकानुशतकं योग्य मानलं होतं.

हे सत्य राहतं कुठे?

तत्त्वज्ञांची एक शंका इथे सांगायला हवी. जे. एल. मॅकी यांनी 1977 मध्ये ती फार स्पष्ट मांडली: जगात दगड आहेत, झाडं आहेत, अणू आहेत, यांच्यासोबत ‘चूकपणा’ नावाची आणखी एक वस्तू कुठे सापडते? ती दिसत नाही, मोजता येत नाही, आणि तरीही ‘हे करू नकोस’ असा हुकूम सोडते. असली अजब चीज जगात नाहीच, म्हणून सगळी नैतिक विधानं मुळातच खोटी, असं मॅकींचं म्हणणं. त्याच्याही दोनशे वर्षांहून आधी स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने सांगितलं होतं की ‘आहे’ अशा विधानांतून ‘असावं’ असं विधान आपोआप निघत नाही.

शंका गंभीर आहे, पण ती एकट्या नीतीपुरती राहत नाही. ‘पुरावा समोर असेल तर तो मानायला हवा’ हेही ‘हवा’चंच विधान आहे. तेही कुठल्या यंत्रात दिसत नाही. ते खोटं ठरवलं तर विज्ञानाचाच पाया निसटतो, आणि मॅकींच्या युक्तिवादाने पटून घ्यायचं कारणही उरत नाही. न दिसणारं सगळंच नसतं असं धरलं तर नीतीच्या आधी तर्कच हातचा जाईल. म्हणून मी पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणतो आणि पुढे जातो, कारण खरी अवघड जागा तिसऱ्या प्रश्नात आहे.

सत्यव्रती कौशिक आणि कान्ट

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्टने 1797 मध्ये एक छोटा निबंध लिहिला. बेंजामिन काँस्तां या फ्रेंच विचारवंताने आक्षेप घेतला होता: तुमचा मित्र मारेकऱ्यापासून पळून तुमच्या घरात लपलाय, मारेकरी दारात येऊन विचारतोय तो कुठे आहे, तर अशा माणसाला सत्यावर हक्कच नसतो. कान्टने उत्तर दिलं की मारेकऱ्याशीही खोटं बोलू नये. त्याने दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. समजा तुम्ही ‘तो घरात नाही’ असं खोटं सांगितलंत, आणि तेवढ्यात मित्र मागच्या बाजूने खरोखरच निसटलेला असला, आणि परत फिरलेल्या मारेकऱ्याला तो वाटेत सापडला, तर त्या मृत्यूची जबाबदारी तुमच्यावर येते. परिणाम कुणाच्याच हातात नसतात. आपल्या हातात फक्त आपलं सत्य असतं.

महाभारताच्या कर्णपर्वात हाच प्रसंग आहे, आणि तिथला निवाडा अगदी उलटा आहे. गावाबाहेर नद्यांच्या संगमावर राहणारा कौशिक नावाचा ब्राह्मण, कायम सत्य बोलण्याचं व्रत घेतलेला. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं त्या रानात शिरतात. दरोडेखोर मागोमाग येतात आणि कौशिकाला विचारतात. तो खरं तेच सांगतो. माणसं मारली जातात, आणि कौशिक नरकात जातो. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो ती वेळही लक्षात घ्यावी. ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असं म्हणणाऱ्याला मारीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते, आणि नेमकं तेच युधिष्ठिर बोलून गेलेला असतो. प्रतिज्ञा पाळायला अर्जुन सख्ख्या भावावर तलवार उपसतो. व्रत आंधळेपणाने पाळलं तर काय होतं हे कृष्णाला दाखवायचं असतं.

सत्य बोलण्याच्या नियमाला अपवाद आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कान्ट इथे चुकला असं मला वाटतं. पण महाभारत एवढ्यावर थांबत नाही. द्रोणांना नि:शस्त्र करण्यासाठी युधिष्ठिर ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतो, तेही कृष्णाच्याच आग्रहावरून, आणि तोवर जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. स्वर्गारोहणाच्या वेळी त्याला नरक पाहावा लागतो तो त्याच कपटापायी. युद्धाच्या हिशेबात ते बोलणं उपयोगी पडलं, तरी त्याची नोंद पुसली गेली नाही. एकाच महाकाव्यात सत्य बोलल्याबद्दल एकाला नरक मिळतो आणि ते लपवल्याबद्दल दुसऱ्याला नरकाचं दर्शन घडतं. मला यात विसंगती दिसत नाही.

डब्ल्यू. डी. रॉस या तत्त्वज्ञाने 1930 मध्ये मांडलेला विचार इथे कामी येतो. वचन पाळणं, कृतज्ञता, न्याय, इजा न करणं, मदत करणं ही सगळी खरी कर्तव्यं आहेत, पण त्यातलं कुठलंही प्रत्येक वेळी वरचढ नसतं. प्रसंगात कधी एक जड ठरतं, कधी दुसरं. मात्र हलकं ठरलेलं कर्तव्य नाहीसं होत नाही. अपघातात सापडलेल्याला मदत करताना मित्राला दिलेली वेळ चुकली तर तुम्ही योग्यच केलंत, आणि तरी मित्राला कळवणं, भरपाई करणं तुमच्यावर उरतं. नित्याच्या बहुतेक नियमांचं हे वर्णन मला अचूक वाटतं. ते खरे आहेत, सगळ्यांना लागू आहेत, आणि त्यांना अपवाद आहेत.

सगळ्याच नियमांना अपवाद असतात का?

इथे एका पळवाटेपासून सावध राहायला हवं. ‘अन्यायाने कुणाला मारू नये’ हा नियम निरपवाद आहे असं कुणी म्हणालं तर ते खरं आहे, पण त्यात हाती काही लागत नाही. ‘अन्यायाने’ या शब्दातच निवाडा आधी घालून ठेवलेला आहे. निरपवाद नियम आहे असं दाखवायचं तर कृत्याचं वर्णन साध्या शब्दांत करावं लागतं: माहिती काढण्यासाठी बांधून ठेवलेल्या माणसाला वेदना देणं. निर्दोष आहे हे ठाऊक असताना एखाद्याला शिक्षा देणं. माणूस मालमत्ता म्हणून विकणं. या वर्णनांत ‘वाईट’ हा शब्द नाही. आता विचारायचं, हे कधी योग्य ठरेल?

परिणामांवर नीती ठरवणारे म्हणतात, ठरू शकेल. बेंथमने 1789 मध्ये आणि मिलने 1860च्या दशकात, या दोन इंग्रज विचारवंतांनी, ही विचारसरणी घडवली: ज्यातून एकूण सुख जास्त आणि दुःख कमी ते योग्य. या विचाराने तुरुंग, कायदे, स्त्रियांचे हक्क यांच्या सुधारणेला बळ दिलं, ते विसरून चालणार नाही. पण त्याच्या चौकटीत निरपवाद असं एकच काही उरतं, ते म्हणजे बेरीज. एका निर्दोष माणसाला फाशी देऊन दंगल थांबत असेल आणि शेकडो वाचत असतील, तर बेरीज काय सांगते? एलिझाबेथ ॲन्स्कम या तत्त्वज्ञ बाईंनी 1958 मध्ये लिहिलं की निर्दोषाला न्यायालयामार्फत ठार करण्याचा प्रश्न जो आधीपासूनच खुला ठेवतो त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. त्याचं मन बिघडलेलं आहे. त्याआधी दोनच वर्षं त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात ट्रुमन यांना, म्हणजे हिरोशिमा-नागासाकीवर अणुबॉम्ब टाकायला लावणाऱ्या अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांना, मानद पदवी देण्याला विरोध केला होता. साध्य कितीही मोठं असो, निर्दोष माणसांना मारणं हे साधन म्हणून निवडणं म्हणजे खूनच, असं त्यांचं म्हणणं. पदवी दिली गेली.

फ्रँकफर्ट, 2002

हा प्रश्न पुस्तकातून बाहेर येऊन एका पोलीस अधिकाऱ्यासमोर उभा राहिला तो असा. 27 सप्टेंबर 2002 रोजी जर्मनीत फ्रँकफर्ट इथे 11 वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. दहा लाख युरोंची खंडणी मागितली गेली. खंडणी उचलणाऱ्या तरुण कायद्याच्या विद्यार्थ्यावर पोलिसांनी पाळत ठेवली आणि 30 तारखेला त्याला पकडलं. तो मुलाचा पत्ता सांगेना, पोलिसांची दिशाभूल करत राहिला. मुलगा कुठेतरी कोंडलेला, बहुधा उपाशी-तहानलेला, अशी पोलिसांची समजूत. 1 ऑक्टोबरच्या सकाळी शहर पोलिसांचे उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी हुकूम दिला: बोलला नाहीस तर असह्य वेदना दिल्या जातील, असं त्याला सांगा. आरोपी काही मिनिटांतच बोलला. मुलगा एका तळ्याकाठी सापडला. अपहरणाच्या दिवशीच त्याला मारण्यात आलं होतं.

डाश्नर यांनी आपण काय केलं ते स्वतः फाईलमध्ये लिहून ठेवलं. पुढे त्यांच्यावर खटला चालला. 2004 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, पण शिक्षा म्हणून ताकीद दिली आणि दंड राखून ठेवला. 2010 मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयानेही सांगितलं की ती नुसती धमकीसुद्धा अमानुष वागणूक होती, आणि अशा वागणुकीवरची बंदी कुठल्याही परिस्थितीत, एखाद्याचा जीव वाचवण्यासाठीही, शिथिल होत नाही. मुलाच्या खुनाबद्दल आरोपीला झालेली जन्मठेप मात्र कायम राहिली.

काहींना हा निकाल धरसोडीचा वाटला: चूक होती तर पूर्ण शिक्षा द्या, नव्हती तर सोडून द्या. मला उलट वाटतं. नीतीतला सगळ्यात मोलाचा एक भेद त्या निकालात दिसतो. मुभा वेगळी, माफी वेगळी. मुभा म्हणजे ‘हे करायला हरकत नव्हती’. माफी म्हणजे ‘हे करायला नको होतं, पण तुझ्यावर काय प्रसंग होता ते आम्हाला दिसतं’. मुभा दिली की कृत्य चुकीच्या यादीतून निघून जातं. माफीत ते यादीत राहतं. फक्त माणसाकडे दयेने पाहिलं जातं. ‘अशा वेळी तू काय केलं असतंस?’ हा प्रश्न विचारून लोक निरपवाद नियम खोडून काढायला जातात, पण त्या प्रश्नातून माफी सिद्ध होते, मुभा नाही. मीही कदाचित डाश्नर यांच्यासारखंच वागलो असतो. त्यावरून मी दबावाखाली कसा वागेन ते कळतं. काय योग्य आहे ते कळत नाही.

मुभा दिली तर काय होतं याचा अनुभवही जगाकडे आहे. इस्राएलमध्ये 1987 साली लांदाऊ आयोगाने दहशतवादाच्या चौकशीत ‘मध्यम शारीरिक दबाव’ वापरायला परवानगी दिली. त्यातून सूचना तयार झाल्या, परवानगीचे टप्पे ठरले, पद्धती ठरल्या: माणसाला जोरजोरात हलवणं, डोक्यावर पिशवी घालून आखूड खुर्चीवर वाकडंतिकडं बांधून ठेवणं, झोपू न देणं. सप्टेंबर 1999 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या पद्धती बेकायदा ठरवल्या. देशाला दहशतवादाचा धोका आहे हे मान्य करूनच ठरवल्या. एखाद्या अधिकाऱ्याने टोकाच्या गरजेपोटी काही केलं तर खटल्यात तो बचाव मांडू शकेल, एवढी वाट मात्र ठेवली. पुन्हा तेच: आगाऊ मुभा नाही, नंतर माफीचा विचार होऊ शकतो.

आता सगळ्यात जड आक्षेप. एका मुलाऐवजी अख्खं शहर पणाला लागलं असेल तर? बॉम्ब लपवलाय, लपवणारा हाती आहे, घड्याळ चालू आहे. तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी 1978 मध्येच दाखवून दिलं की या उदाहरणात न सांगता किती गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: पकडलेला माणूस तोच आहे याची खात्री, त्याला माहीत आहे याची खात्री, तो खरंच सांगेल याची खात्री. अशी खात्री माणसाला मिळत नाही. फ्रँकफर्टमध्ये माणूस खरोखरच तोच होता, आणि तरी मुलगा जिवंत असल्याची समजूत खोटी निघाली.

तरीही कुणी म्हणेल, समजा खात्री आहे. मग मी एवढंच विचारतो: ज्याच्यावर हे करायचं त्याला ते समजावून सांगता येईल का? वचन मोडल्यावर मित्राला कारण सांगता येतं, आणि समंजस मित्र ‘बरोबर केलंस’ म्हणतो. छळात हे होऊच शकत नाही. तिथे समोरच्याचं म्हणणं ऐकण्याऐवजी त्याचं शरीरच त्याच्या मनाविरुद्ध उलटवलं जातं, तेही तो पूर्ण असहाय असताना. हल्ला करणाऱ्याला रोखताना जखमी करणं वेगळं, कारण तिथे तो हल्ला थांबवू शकतो आणि थांबला की आपणही थांबतो. आणि ‘बोल म्हणजे थांबवतो’ हे तर निर्दोषालाही सांगितलं जातं. त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नसतं. पणाला लागलेल्यांची संख्या वाढली की कृत्य करणाऱ्यावरचं दडपण वाढतं, त्याला माफी मिळण्याची कारणं वाढतात. ज्याचा छळ झाला त्याच्यावरचा अन्याय त्यामुळे कमी होत नाही.

माझ्या यादीत म्हणूनच मोजक्या गोष्टी आहेत: छळ, बलात्कार, माणसाची मालकी, निर्दोष असल्याचं ठाऊक असताना शिक्षा. यादीत सगळे ‘करू नये’ आहेत, एकही ‘करावं’ नाही, याला कारण आहे. सगळ्यांना मदत करणं एका वेळी शक्य नसतं, म्हणून मदतीची कर्तव्यं एकमेकांना आडवी येतात. पण वरच्या चारही गोष्टी न करणं एकाच वेळी, कुठल्याही क्षणी, प्रत्येकाला शक्य असतं. निरपवाद नियम पाळणं अशक्य होईल अशी पाळी या यादीमुळे येत नाही. छळाविरुद्धच्या 1984 च्या आंतरराष्ट्रीय करारातही हाच निश्चय आहे: युद्ध असो, युद्धाची भीती असो, अंतर्गत अस्थिरता असो की दुसरी कुठली आणीबाणी, छळाचं समर्थन म्हणून ती पुढे करता येणार नाही.

‘निर्दोषांना जाणूनबुजून मारणं’ हे यादीत घालायचं का, यावर मी सर्वांत जास्त अडखळलो आहे. जर्मनीने 2005 मध्ये कायदा केला होता की अपहरण झालेलं प्रवासी विमान शस्त्र म्हणून वापरलं जाणार असेल तर संरक्षणमंत्र्यांच्या आदेशाने ते पाडता येईल. विमानातले प्रवासी तसेही मरणारच आहेत, जमिनीवरचे तरी वाचतील, असा त्यामागचा हिशेब. 15 फेब्रुवारी 2006 रोजी तिथल्या घटना न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. प्रवाशांचं उरलेलं आयुष्य किती मिनिटांचं आहे यावर त्यांची प्रतिष्ठा ठरत नाही. दुसऱ्यांना वाचवायचं साधन म्हणून राज्याने त्यांना मारणं म्हणजे त्यांना वस्तू समजणं, असं न्यायालय म्हणालं. माझं मन आता याच बाजूला झुकतं, जमिनीवरच्या माणसांचा विचार मनातून जात नसला तरी. आणि कायद्याविनाही एखाद्या वैमानिकाने गोळी चालवलीच, तर फौजदारी कायद्याने त्याच्याकडे कसं पाहायचं? त्याचा निर्णय आपण आत्ता देत नाही, असं न्यायाधीशांनी निकालातच नमूद केलं.